तुम्ही विचारलंत म्हणून: रिफचा चिखल का होतो?

पुण्यातले नवे हेवी मेटल बँड हमखास विचारतात तो प्रश्न असा: राक्षस, मांत्रिक, बुरूज असलेली गाणी लिहून झाली, जॅमरूममध्ये रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अंगावर येतात, मग रेकॉर्ड केल्यावर त्यांचा चिखल का होतो?

बहुतेक वेळा गेन, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये गिटारचा आवाज फाटवणारी वाढ, जास्त असतो म्हणून. खोलीत जाणवणारा जडपणा मोठ्या आवाजाचा असतो. हेडफोनवर तो जातो आणि नुसती खरखर उरते. गेन शून्यावर आणा, पाम म्यूट (तळहाताच्या कडेने तारा दाबून) वाजवत हळूहळू चढवा, ठोक्याची कड बोथट व्हायला लागली की थोडं मागे या. एकाच टेकची, म्हणजे एकदा वाजवून रेकॉर्ड केलेल्या तुकड्याची, कॉपी डावी-उजवीकडे टाकून रुंदी येत नाही, फक्त आवाज वाढतो. तोच रिफ दोनदा वेगवेगळा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापून टाका, ती जागा बेसची आहे.

पॉवर कॉर्डमध्ये (मेटलच्या रिफमधल्या नेहमीच्या दोन स्वरांच्या जोडीत) फक्त षड्ज आणि पंचम का, हे पुण्यात समजावणं सोपं जातं, कारण तंबोऱ्याची जुळणी इथे कानावर असते. ११० आणि १६५ हर्ट्झचे स्वर डिस्टॉर्शनमधून (आवाज फाटवणाऱ्या इफेक्टमधून) एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा, ५५ हर्ट्झचा स्वर तयार होतो, म्हणजे षड्जाच्या एक सप्तक खाली. जडपणा तिथून येतो. त्यात गंधार घातला की घोटाळा होतो. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो, आणि डिस्टॉर्शन ती चूक भिंगाखाली धरतं.

तारा उतरवून वाजवणाऱ्यांची वेगळी तक्रार असते. ९-४२ च्या तारा (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) दोन स्वर खाली आणल्या की ढिल्या पडतात, आणि जोरात मारलं की सुरुवातीला सूर चढतो. जाड तारा लावा, निदान ११-५२. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या पडद्यांवरही सूर बरोबर लागतो का, ते तपासा: बाराव्या फ्रेटवर (पडद्यावर) दाबलेला स्वर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसता स्पर्श करून वाजवलेल्या स्वरापेक्षा) चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे घ्या, उतरा असेल तर पुढे. पावसाळ्यात हे पुन्हा करावं लागतं, कारण दमट हवेने नेक हलते. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका.

आता अल्बम. गाण्यात गोष्ट कशी सांगायची ते कळायला रेनबो या रॉक बँडचा १९७६चा 'रायझिंग' मी आवर्जून ऐकायला सांगते. सहा गाणी, जेमतेम ३३ मिनिटं. त्यातल्या 'स्टारगेझर'मध्ये मांत्रिक गुलामांकडून मनोरा बांधून घेतो, उडायला जातो आणि कोसळतो. कोण, काय करतो, काय गमावतो, हे सगळं त्यात आहे. नवख्यांच्या गाण्यांत बहुधा नुसता अंधार आणि रक्त असतं, कुणी काही करतच नाही.

मराठी शब्द रिफवर बसत नाहीत, असंही ऐकू येतं. मला ते अजिबात पटत नाही. गॅलप, म्हणजे मेटलमधली घोड्याच्या दौडीसारखी लय, ही एक लांब ठोका आणि त्याच्या निम्म्या लांबीचे दोन. हा तर सरळ भगण झाला, गुरु-लघु-लघु. राक्षस, वादळ, काजळ, धावत, सगळे त्यात चपखल बसतात. फक्त बोलताना गळणारा शेवटचा अ गाताना पूर्ण म्हणा. लांबवायचा स्वर मात्र आ वर ठेवा. 'वेताळ' मधला 'ता' चार मात्रा धरून बघा, 'मृत्यू' मधला 'त्यू' धरून बघा, घसा लगेच सांगेल. आणि वेताळ टेकडी पायाशी असताना, अमावस्येला वेताळाची स्वारी निघते अशी समजूत आपल्याकडे असताना, ड्रॅगन उसने आणायची गरज मला तरी दिसत नाही. स्वारीला मधल्या वेगाचा, १०० बीपीएमच्या (मिनिटाला १०० ठोक्यांच्या) आसपासचा रिफ द्या. पालखी धावत नाही.