काटा शंभरावर अडला

रत्नागिरीत मी बरीच वर्षे करवंदाचा आणि आंब्याचा जॅम केला. तिथे माझा नियम एकच होता, तो म्हणजे तापमापकाचा काटा १०५ अंशांवर आला की गॅस बंद करायचा. हा नियम कधी चुकला नाही, त्यामुळे तो कुठून आला हे मी स्वतःला कधी विचारलेही नाही. पुढे पाचगणीजवळ भिलारच्या बाजूला एक जागा भाड्याने घेऊन स्ट्रॉबेरीचा जॅम करायचे ठरवले, तेव्हा तोच तापमापक आणि तोच नियम घेऊन मी घाट चढले.

पहिल्याच दिवशी सकाळी शेजारच्या मळ्यातून दव न वाळलेली फळे आली. स्ट्रॉबेरी तोडल्यावर आणखी पिकत नाही, फक्त मऊ पडत जाते, म्हणून ती त्याच दिवशी हातावेगळी करावी लागते. आम्ही फळे देठासकट धुतली, कारण देठ आधी काढला तर फळ पाणी पिते. जॅम घट्ट बसवणारा फळातला घटक म्हणजे पेक्टिन; स्ट्रॉबेरीत ते मुळात कमी असते, पण कच्चट फळांत जरा जास्त, म्हणून तशी मूठभर फळे मुद्दाम ठेवली. चार किलो फळांना तीन किलो साखर चोळली, रस सुटल्यावर लिंबू पिळले आणि पातेले चढवले.

जॅम छान उकळू लागला, बुडबुडे जड झाले, पण काटा शंभराच्या जवळ येऊन रेंगाळला. मदतीला आलेल्या मावशींनी डावावरून थेंब ताटलीत टाकला, बोटाने सारला आणि म्हणाल्या, "ताई, झालंय हे. बघा, साय धरल्यासारखी सुरकुती पडते." मी तापमापकाकडे बोट दाखवून आच वाढवली. काटा पुढे सरकायला बराच वेळ लागला. तेवढ्यात टवटवीत लाल रंग विटकरी झाला, ताज्या फळाचा वास जाऊन गुळाच्या पाकाचा वास येऊ लागला. १०५ दिसल्यावर मी समाधानाने गॅस बंद केला. पाव किलोच्या वीस बाटल्या मांडून ठेवल्या होत्या, त्यातल्या जेमतेम सोळा भरल्या. दुपारी एक बाटली उघडली, तर चमचा आत शिरेना.

तापमापक बिघडला असावा, अशी माझी खात्री झाली. तो तपासायला मी साधे पाणी उकळत ठेवले. पाणी खळखळत होते आणि काटा साडेपंचाण्णवावर स्थिर उभा होता.

तापमापक अगदी बरोबर होता. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचावर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळते, हे शाळेत शिकलेले मला त्या क्षणी आठवले. जॅम घट्ट बसायला त्यात साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या पुढे जावे लागते, आणि त्या वेळी तो साध्या पाण्यापेक्षा साडेचार ते पाच अंश वर उकळत असतो. किनाऱ्यावर ही बेरीज १०५ होते, इथे ती शंभर होते. म्हणजे मावशींनी थेंब टाकला, तेव्हा जॅम खरोखरच झाला होता. मी त्यानंतर चार बाटल्यांइतके पाणी विनाकारण उडवले आणि त्या फळांचा वासही घालवला. कष्टाने पिकवलेल्या मालाची ही नासाडी मला अजून टोचते.

फळे उरली होती. संध्याकाळी दुसरे पातेले चढवले, तेव्हा ताटली मावशींच्या हातात दिली. काटा शंभरावर आला आणि त्याच वेळी मावशी म्हणाल्या, "उतरवा." या वेळी वीसही बाटल्या भरल्या, आणि उजेडासमोर धरल्यावर आतली अखंड फळे लालभडक दिसत होती.

पहिल्या सोळा बाटल्या मी विकल्या नाहीत. आता रोज पहिल्या पातेल्याआधी मी वाटीभर पाणी उकळते आणि त्या दिवशीचा आकडा ओट्यावरच्या फरशीवर खडूने लिहून ठेवते.