शेवट माहीत असतो की!

"पुस्तक वाचलंय ना तुम्ही? मग तेच नाटकात बघायला कशाला जाता? शेवट माहीत असतो की!" शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालंय. निमित्त बहुतेक वेळा पुण्यात शनिवार पेठेतल्या छोट्याशा सुदर्शन रंगमंचाचं. तिथे कथा-कादंबरीवर बेतलेला प्रयोग लागला की मी सहसा चुकवत नाही. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

शेवट माहीत असण्याची अडचण असती तर कीर्तनाला कोणी गेलंच नसतं. हरिश्चंद्राचं काय होणार हे देवळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी बुवा सांगता सांगता उपरणं डोक्यावर ओढतात, तारामती होतात आणि पुढच्या वाक्याला पुन्हा बुवा! सांगणारा आणि सोसणारी यांच्यातली ती उडी बघायला मी जाते.

कथेतले संवाद काय, उचलून ठेवले की झालं. घोडं अडतं निवेदनापाशी. 'त्याला वाटलं', 'तिला उगाच आठवलं', हे रंगमंचावर म्हणायचं कोणी? आळशी मंडळी कोपऱ्यात एक निवेदक उभा करतात, हातात फाइल, डोक्यावर स्पॉट. (आणि दुःख आलं की बासरी. बासरीवाल्यांचं आपण काय घोडं मारलंय, कळत नाही.) बरी मंडळी निवेदन पात्राच्याच तोंडी देतात. "मग तो उठला," असं म्हणत नट उठतो. एकदा एकजण "मग तो उठला" म्हणाला आणि बसूनच राहिला. त्या माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरजच उरली नाही.

हे काही नवीन नाही. पुलंनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, तेव्हा निवेदकही तेच आणि बिऱ्हाडंही तेच. श्री. ना. पेंडशांनी तर 'गारंबीचा बापू' या आपल्या कादंबरीचं नाटक स्वतःच लिहिलं. म्हणजे आपलीच पानं आपल्याच हातानं गाळायची!

पण छोटी जागा कशाला, मोठ्या बालगंधर्व रंगमंदिराला काय झालं? काही नाही झालं, तिथेही जाते. फक्त तिथे शेवटच्या रांगेला कळावं म्हणून नटाला हुंदकासुद्धा मोठा द्यावा लागतो. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग सुरू केले, तिथेही प्रेक्षक असेच जवळ. (छबिलदास म्हटल्यावर काहींना नाटक आठवतं, काहींना तिथल्या गल्लीतला वडा. दोघंही बरोबर.)

मागे एका जुन्या कथेचा प्रयोग पाहिला. नवरा गाव सोडायचं ठरवून येतो, बायकोला सांगतो. कथेत पुढे एवढंच आहे : 'तिने उत्तर दिलं नाही.' नटी जमिनीवर बसून लसूण सोलत होती. खरा लसूण. वास आमच्या दुसऱ्या रांगेपर्यंत येत होता. नवऱ्याचं वाक्य संपलं तसा तिचा हात थांबला. मग तिने हातातली पाकळी सोलून पूर्ण केली, ताटलीत टाकली. टिक्. पुढची घेतली. पाच पाकळ्या झाल्या असतील. नवरा तसाच उभा. हॉलमध्ये कोणी खोकलंही नाही. सहाव्या पाकळीला ती वर न बघता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तशी म्हणाली, "तिने उत्तर दिलं नाही."

घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी कपाटातून पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या ती कथा पुन्हा वाचली. लसूण कुठेच नव्हता.