सिकलसेलचा रिपोर्ट गावभर फिरू नये म्हणून

मेळघाट असो की गडचिरोली, आश्रमशाळेतल्या सिकलसेल (आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार) शिबिरात पहिली चाचणी बहुतेकदा सोल्युबिलिटीची असते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकायचं. काही मिनिटांनी नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की पॉझिटिव्ह.

ही चाचणी एवढंच सांगते की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. पोरगी वाहक (एएस, म्हणजे सिकलचं जनुक एकाच पालकाकडून आलेली) आहे की पीडित (एसएस, दोघांकडूनही आलेली), हे प्रयोगशाळेतली एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी झाल्यावर कळतं. पण तोवर पॉझिटिव्हची यादी एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली, की धडधाकट वाहक पोरगी गावाच्या लेखी ‘सिकलची पेशंट’ होते आणि सोयरीक जुळवताना तेच आडवं येतं. खरं तर एएस आणि एए (सिकलचं जनुक नसलेला) जोडप्याला एसएस मूल होत नाही. दोघंही एएस असले, तर दर गरोदरपणात २५ टक्के शक्यता असते. लग्नाआधी दोघांचे रिपोर्ट जुळवून पाहायचे ते यासाठी, आणि ते काम त्या दोघांचं आहे, गावाचं नव्हे.

शिवाय हा रिपोर्ट एकट्याचा नसतोच. मूल एएस निघालं, म्हणजे आईबापांपैकी निदान एकात सिकलचं जनुक आहे. दोघंही एए निघाले तर आधी नमुन्यांची अदलाबदल तपासा, गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं होतं का ते विचारा. सासूसासऱ्यांसमोर अवाक्षर काढू नका. मुलाच्या बापाविषयी संशय पेरणाऱ्या एका वाक्यानं बाईचा संसार मोडू शकतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवण्यासाठी २०१७चा स्वतंत्र कायदा आहे. जनुकीय माहितीसाठी आपल्याकडे तसा नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मोबाइल-संगणकावरच्या माहितीपुरता आहे. कागदी रजिस्टर डिजिटल होईपर्यंत त्याबाहेरच राहतं. म्हणून रजिस्टर कुलपातच हवं. डॉक्टरांना मात्र २००२च्या आचारसंहितेनं रुग्णाची गुपितं उघड करायला मनाई केली आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे, पण वाहकाला त्याचा लाभ नाही, कारण वाहक आजारी नसतो.

आशाताई, शिक्षक आणि पालकांनी एवढं करावं. शिबिराच्या यादीत नावाऐवजी क्रमांक लिहावा. रिपोर्ट बंद पाकिटात, पालकाच्याच हाती, वेगळ्या खोलीत द्यावा. वर्गात हात वर करायला लावू नये. आभा क्रमांकाशी (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) रेकॉर्ड जोडताना कशाला संमती देतो ते वाचून घ्यावं. दिलेली संमती मागे घेता येते.

यादी ग्रुपवर आलीच, तर ती पुढे पाठवू नका. टाकणाऱ्याला लगेच काढायला सांगा. तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, मुलांची नावं झाकून. तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.