दाजींची बंदूक, तिची माशी आणि टूमस्टोन

जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ना, तिचं एक गणित असतं. पहिल्या तीन गोळ्या वाया घालवायच्या, म्हणजे कळतं ही बया कुठे मारते. मग डावीकडे मारत असेल तर फुग्याच्या वीतभर उजवीकडे नेम धरायचा, की फुटला. जोतिबाच्या यात्रेत लहानपणी आम्ही सगळे हेच करायचो, आणि बंदूकवाला मुद्दाम नळी वाकवून ठेवतो यावर आमची ठाम श्रद्धा होती.

या ऑक्टोबरात ताईकडे गेलो होतो, ॲरिझोनात, फिनिक्सच्या खाली चँडलरला. दाजी पंचवीस वर्षं तिकडे आहेत, सिटिझन आहेत, आणि रिटायर झाल्यावर लोक टोमॅटो लावतात तसं यांनी रिव्हॉल्वर घेतलं. कोल्टचं 1873 सालचं सिंगल ॲक्शन आर्मी, म्हणजे वेस्टर्न सिनेमात ज्याच्या त्याच्या कमरेला लटकतं ते, त्याची इटलीत बनलेली नक्कल. .45 कॅलिबर, म्हणजे गोळी साधारण 0.45 इंच जाडीची, साडेपाच इंची नळी. ताईचं मत विचारू नका.

मला वाटलं होतं चला आपल्यालाही दोन बार काढायला मिळतील, पण दाजींनी एअरपोर्टवरून घरी येतानाच सांगून टाकलं की तू व्हिजिटर व्हिसावर आलायस, कायद्याने तुला बंदूकही हातात घेता येत नाही आणि काडतूसही नाही, शिकारीचं लायसन वगैरे अपवाद आहेत पण आपण त्या भानगडीत पडायचं नाही, तू वही-पेन्सिल घे. म्हणजे सात समुद्र ओलांडून मी तिथे स्कोअर लिहायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेन एव्हरीला गेलो. फिनिक्सच्या उत्तरेला ॲरिझोनाच्या गेम अँड फिश खात्याची ही नेमबाजीची प्रचंड मोठी रेंज आहे, मागे उघडे तपकिरी डोंगर आणि मधेच ते हात वर केलेले सग्वारो निवडुंग. डोळ्याला चष्मा, कानाला मफ. थोड्या थोड्या वेळाने सीझफायर पुकारतात, तेव्हा सगळे टेबलापासून मागे सरतात, बंदुकीला कुणी बोटसुद्धा लावत नाही, आणि मग चालत जाऊन टार्गेट बघून यायचं. एवढी शिस्त आमच्या एसटी स्टँडवर आली तर काय होईल असं मनात आलं, असो.

दाजी भरताना सहा घरांत पाचच काडतुसं घालतात. एक भरा, एक सोडा, चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढून हळूच सोडा, म्हणजे घोड्याखाली रिकामं घर येतं. जुन्या डिझाइनमध्ये घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकतं, बंदूक पडली तर बार उडू शकतो, म्हणून ही सवय. मूठ पण वेगळीच, तिकडे तिला नांगराची मूठ म्हणतात आणि खरंच रुमण्यासारखी आहे, बार झाला की हातात वर गडगडते.

आता नेमाचं. मागची साइट, म्हणजे नेम धरायची मागची खूण, फ्रेमच्या माथ्यावर काढलेला एक चर, बस. पुढे नळीच्या टोकाला एक पातळ पातं, ती माशी. स्क्रू नाही, फिरवायचं काहीच नाही. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेमबांग एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड घेतलं, त्या पिस्तुलांना मागची साइट वर-खाली, डावी-उजवी करायला स्क्रू असतात. इथे कारखान्याने जे दिलं ते दिलं.

25 यार्डावर टार्गेट लावलं, म्हणजे साधारण 23 मीटर. दाजींनी वाळूच्या पिशवीवर हात टेकून पाच बार काढले, आणि बघायला गेलो तर मधल्या काळ्या ठिपक्यात एकही नाही. पाचही भोकं खाली डावीकडे, पण एका तळहाताखाली झाकतील इतकी जवळ. मी म्हटलं, "दाजी, माणूस चांगला आहे, बंदूक खोटं बोलतेय." मी वहीत लिहिलं, 15 सेंटिमीटर खाली, 5 डावीकडे.

ही 200 ग्रेनची (ग्रेन हे गोळीचं वजन मोजायचं माप) हलकी गोळी होती, धक्का कमी म्हणून यांनी आणलेली. मग 250 ग्रेनची जड गोळी काढली, आणि मला वाटलं जड आहे म्हणजे अजून खाली जाणार, तर ती वर लागली, 10 सेंटिमीटरच खाली. मी चक्रावलो. दाजींनी चहाच्या थर्मासच्या झाकणात चहा ओतत समजावलं, की गोळी नळीत असतानाच धक्क्याने नळीचं तोंड वर उचलायला लागतं, जड गोळी सावकाश निघते, तोवर तोंड जास्त उचललेलं असतं, म्हणून वर लागते. म्हणजे माशी इतकी उंच असते ती यासाठीच, नेम धरलेला असताना नळी खरं तर किंचित खाली बघत असते! आणि मूळ 1873 च्या .45 काडतुसात साधारण 250 ग्रेनची गोळी आणि 40 ग्रेनपर्यंत काळी दारू असायची, यांची हलकी गोळी त्या हिशोबातच नव्हती.

मग उपाय काय, तर कानस. खाली लागतंय म्हणजे माशी जास्त उंच आहे, घासून कमी करायची. मला त्रैराशिक आठवलं. माशीपासून चरापर्यंत साधारण साडेसोळा सेंटिमीटर, टार्गेट 2286 सेंटिमीटर लांब, जड गोळीची चूक 10 सेंटिमीटर, म्हणजे माशी किती घासायची तर 0.72 मिलिमीटर. पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही! आयुष्यात पहिल्यांदा सातवीचं गणित अमेरिकेत उपयोगी पडलं.

पण घासलेलं परत चिकटत नाही. जास्त घासली तर गोळ्या वर जाणार आणि मग पात्यावर धातू चढवत बसा. त्यामुळे त्या संध्याकाळी गॅरेजमध्ये रिकामं रिव्हॉल्वर शेंगड्यात धरून, चामड्याचे तुकडे मध्ये घालून, दाजी सपाट कानशीने पाच-सहा हात मारायचे, पुसायचे, कॅलिपर लावायचे, परत दोन हात. ताई दारात उभी राहून म्हणाली, "नवऱ्याने माझी सुरी कधी इतक्या प्रेमाने नाही लावून दिली."

डाव्या-उजव्याचं मात्र आमच्या हातातलं नव्हतं. डावीकडे लागतंय तर माशीच डावीकडे सरकवायला हवी, म्हणजे आख्खी नळी केसभर फिरवून अजून घट्ट करायची, आणि त्याला बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडचा शेंगडा आणि पाना लागतो. दाजींनी ते सोडून दिलं. परत रेंजवर गेलो, आता 4 सेंटिमीटर खाली, डावीकडे तसंच. ते म्हणाले पुरे, आता ठिपक्याच्या उजव्या काठावर नेम धरतो. मी म्हटलं, जोतिबा.

शनिवारी टूमस्टोन. टूसॉन गेलं की बेन्सनला आय-10 हायवे सोडायचा, 80 नंबरच्या रस्त्याने सेंट डेव्हिडवरून खाली. चांदीच्या खाणीमुळे 1879 ला वसलेलं गाव, आता अॅलन स्ट्रीटवर घोडागाड्या, फळ्यांचे फुटपाथ, आइस्क्रीम आणि खोट्या मिशा. 26 ऑक्टोबर 1881 ला ओके कोरल नावाच्या घोड्यांच्या तबेल्याजवळ गावचे पोलिस आणि काउबॉय यांच्यात जी प्रसिद्ध गोळीबाराची चकमक झाली ती खरं तर कोरलच्या मागे, फोटोग्राफर फ्लायच्या घराशेजारच्या बोळवजा रिकाम्या जागेत झाली. मी रुंदी पावलांनी मोजायचा प्रयत्न केला, दाजी लाजले. साधारण 30 सेकंदांत 30 गोळ्या, तीन मेले, तीन जखमी, आणि सुरुवातीला दोन्ही बाजूंमध्ये अंतर सहा-आठ फूट! एवढ्या जवळून चर काय आणि माशी काय, कुणी बघितलीही नसेल. आणि तरी 30 पैकी बऱ्याच गोळ्या कुठे गेल्या देव जाणे. पाऊण मिलिमीटरसाठी आख्खी संध्याकाळ घालवलेले दाजी तिथे बराच वेळ गप्प उभे होते.

जवळच रंगाच्या गोळ्यांची एक गॅलरी होती, पत्र्याच्या पाट्यांवर मारायचं. रंगाच्या गोळ्यांना व्हिसा लागत नाही, तेव्हा मी पैसे भरले. पहिल्या तीन वाया घालवल्या. उजवीकडे मारत होती. मग डावीकडे नेम धरून घंटा दोनदा वाजवली.

ताईने पाच वेळा वाजवली, पहिल्या गोळीपासून, आणि कशी विचारलं तर म्हणाली, "मी बघितलंच नाही रे त्या माशीकडे."