बेन लोमंड, दुसऱ्या खेपेला

स्कॉटलंडमधल्या बेन लोमंड डोंगराची उंची ९७४ मीटर, हे ऐकून नवरा हसला होता. "कळसूबाई १६४६ मीटर. हा तर निम्म्याहून जरासा वर." लेक ग्लासगोला शिकते. जूनमध्ये तिच्याकडे राहायला गेलो तेव्हा लॉख लोमंड तळ्याभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात चार दिवस हिंडायचं ठरलं आणि बेन लोमंड आम्ही 'पहिल्या दिवशी उरकून टाकू' या यादीत घातला.

हिशेब इथेच चुकला. बारी गावातून कळसूबाईला निघतो तेव्हा गावच मुळात बऱ्यापैकी उंचावर असतं. लोमंड तळ्याचा काठ समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ-दहा मीटर. म्हणजे ९७४ मधले जवळपास सगळे मीटर आपल्याच पायांनी चढायचे. जाऊन-येऊन बारा किलोमीटर, आणि आमच्यासारख्या पन्नाशीच्या जोडप्याला सहा तास धरा.

आधी उच्चाराचं सांगते, कारण बसवाल्याशी बोलताना कामाला येतं. तळ्याला इथे लॉख म्हणतात, ख घशातून खरवडून काढायचा. बेन म्हणजे डोंगर, इंच म्हणजे बेट. वेस्ट हायलँड वे ही १५४ किलोमीटरची प्रसिद्ध पायवाट जिथून सुरू होते त्या गावाच्या पाटीवर मिल्नगावी दिसतं, पण लोक म्हणतात मलगाय. नवऱ्याला हे इतकं आवडलं की दिवसभर तो मलगाय, मलगाय करत होता.

पोचायचं कसं? ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून बॅलोखला लोकल, पाऊण तासाच्या आसपास. तिथून ड्रिमनमार्गे बालमाहाला बस. बस बालमाहालाच संपते. डोंगराचा पायथा रोवरडेनन आणखी अकराएक किलोमीटर पुढे आहे आणि रस्ता तिथेच मरतो, पुढे गाडीवाट नाही. गाडी असेल तर शनिवार-रविवारी सकाळी लवकर पोचा, वाहनतळ भरतो. गाडी नसेल तर दुसरी युक्ती: समोरच्या काठावरच्या टार्बेटला रेल्वेने जायचं आणि तिथून उन्हाळ्यात सुटणाऱ्या लाँचने तळं ओलांडून रोवरडेननला उतरायचं. लाँचचं वेळापत्रक आदल्या दिवशी नक्की बघा. परतीची चुकली तर त्या काठावरून सुटका नाही. आम्ही रोवरडेननलाच यूथ हॉस्टेलमध्ये मुक्काम टाकला होता, त्यामुळे ही धावपळ वाचली.

शनिवारी नऊला निघालो. वाहनतळाच्या मागून झाडीतून वाट चढते. फाटक ओलांडलं की झाडी संपते आणि मोकळी सोंड लागते. वाट इतकी नीट बांधलेली की चुकायची सोयच नाही. दगड बसवलेले, पाण्याला मोऱ्या काढून दिलेल्या. मागे वळलं की तळं खाली पसरत जातं, बेटं एकेक करून वर येतात. मेंढ्या आमच्याकडे बघतही नव्हत्या. आम्ही खुशीत. पाचशे मीटरवर ढग लागला. सहाशेवर पाऊस. आम्हाला काय, पावसाळ्यात राजमाची केलेली माणसं! पोतडीतून पोंचो काढले.

त्या पोंचोचं काय झालं ते तपशीलवार सांगायला हवं. शेवटच्या सुळक्याखाली नागमोडी वाट सुरू होते तिथे वारा कड्यावरून येऊन आदळला. पोंचो छत्रीसारखा उलटा झाला, डोक्यावरून वर गेला आणि माझ्या तोंडाला चिकटला. मला दिसेना, नवऱ्याला मी दिसेना. दोघांनी मिळून तो खाली ओढेपर्यंत आतला सुती कुडता पिळून काढण्याइतका भिजला आणि पाचच मिनिटांत दात वाजायला लागले. जून महिना! बोटं इतकी बधिर की सॅकचं बक्कल उघडेना.

सह्याद्रीतली आपली सवय इथे आडवी येते. आपण पावसाळ्यात डोंगरात जातो ते भिजायलाच. पाऊस कोमट असतो, खाली आलं की चहा-भजी, कपडे अंगावरच वाळतात. इथे भिजणं हीच आपत्ती. माथ्यावर पायथ्यापेक्षा सात-आठ अंश कमी, त्यात वारा. ओला माणूस बघता बघता गार पडतो. वरून उतरणारी एक आजी, सत्तरीच्या नक्की, अर्ध्या चड्डीत, हातात काठ्या, आमच्याकडे बघून थांबली. म्हणाली, वर वाऱ्याशिवाय काही नाही, आणि तो उद्याही असेल. आम्ही वळलो. शिखर दीडशे-दोनशे मीटरच वर होतं. नवरा खालीपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तर कपड्यांचं: पोंचो घरी ठेवा. जर्किन हवं ते टोपीला दोरी असलेलं, खरोखर पाणी न शिरणारं, आणि तशीच विजार. जीन्स आणि सुती कपडे अजिबात नकोत. लोकरीची टोपी आणि हातमोजे जूनमध्येही सॅकमध्ये असू द्या. पाणी आणि खाणं खालूनच न्यायचं. वर टपरी नाही, ताकवाली मावशी नाही, लिंबूसरबत नाही, आडोसाही नाही. निघण्याआधी डोंगरी हवामानाचा स्वतंत्र अंदाज बघा, तो शहराच्या अंदाजापेक्षा वेगळा असतो. त्यात वाऱ्याचा वेग आणि माथा ढगाबाहेर असण्याची शक्यता दिलेली असते. आम्ही ग्लासगोचा अंदाज बघून निघालो होतो, तिथे ऊन होतं. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचा ओएल ३९ हा कागदी नकाशा घ्या, फोनला रेंज असेलच असं नाही. अडचण आलीच तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे आणि मग माउंटन रेस्क्यू. थेट रुग्णवाहिका मागू नका.

रविवार काठाकाठाने घालवला, आणि खरं सांगायचं तर मला तोच दिवस जास्त आवडला. रोवरडेननहून उत्तरेला इनव्हर्सनेडपर्यंत वेस्ट हायलँड वे तळ्याला धरून जातो, अकरा-बारा किलोमीटर. सुरुवातीला दोन पर्याय आहेत. वरचा रुंद, जंगलखात्याच्या रस्त्यासारखा, कंटाळवाणा. खालचा पाण्याला लागून, मुळांवरून, कातळावरून चढ-उतार करत जाणारा. गुडघे साथ देत असतील तर खालचाच घ्या. ओकची जुनी झाडी, खोडांवर हिरवं शेवाळ मखमलीसारखं, मधे कमरेइतके नेचे. भीमाशंकरच्या रानातला ओलसर वास यायचा बाकी होता. नकाशावर सपाट दिसतं म्हणून वेळ कमी धरू नका, आम्हाला साडेचार तास लागले. इनव्हर्सनेडला धबधबा आहे, हॉटेल आहे आणि पलीकडे टार्बेटला नेणारी लाँचही. तिकडेच रानटी शेळ्या दिसल्या. त्यांचा वास आधी येतो, शेळ्या मागाहून.

सोमवारी बालमाहाला कॉनिक हिल. उंची जेमतेम साडेतीनशे मीटर, दीड-दोन तासांचं काम, पण पायऱ्या दम काढतात. एकाच दिवसाची सवड असलेल्यांनी बेन लोमंडचा हट्ट सोडून हेच करावं असं माझं मत. वरून खाली बघा: इंचकॅलीख, टॉरिंच, क्रींच आणि इंचमरिन ही बेटं एका रेषेत मांडल्यासारखी दिसतात, आणि तुम्ही उभे आहात तो डोंगर त्याच रेषेत. हायलँड आणि लोलँड यांना वेगळं करणारा भूस्तरभंग इथून जातो. रेषेच्या एका बाजूला तळं रुंद, उथळ, शेतं, कुरणं. दुसऱ्या बाजूला हिमनदीने कोरलेलं अरुंद, खोल पाणी आणि दोन्हीकडे उभे डोंगर. भूगोलाच्या पुस्तकातली आकृती असावी तसं. उतरल्यावर बालमाहाच्या काठावर टॉम वीअर या गिर्यारोहक-लेखकाचा पुतळा आहे, डोक्याला लोकरी टोपी घातलेला. त्या टोपीकडे मी आदराने बघितलं.

मंगळवारी आकाश निवळलं. सातला निघालो आणि दहाला माथ्यावरच्या, सर्वेक्षणासाठी उभारलेल्या त्रिकोणमितीच्या खांबाला हात लावला. शेवटचा टप्पा धारेवरून जातो, उजव्या हाताला एकदम तुटलेली दरी. लहान मुलं असतील तर तिथे हात धरा. उत्तरेला डोंगरांमागे डोंगर, पश्चिमेला कॉबलरचा वेडावाकडा माथा, दक्षिणेला ग्लासगोच्या दिशेचा सपाट मुलूख. मुनरो म्हणजे तीन हजार फुटांवरचे डोंगर. १८९१ मध्ये सर ह्यू मुनरोंनी त्यांची यादी केली. आज ती २८२ वर आहे आणि ती पुरी करायला माणसं आयुष्य घालवतात. हा त्यातला सर्वांत दक्षिणेचा. दशमी आणि लसणाची चटणी खाताना नवरा म्हणाला, "२८१ राहिले."

उतरताना टार्मिगनच्या धारेने आलो. माथ्यावरून पहिला उतार खडकाळ आणि उभा आहे, एक-दोनदा बसून उतरावं लागलं. ओलं असेल तर ही वाट टाळा आणि आल्या वाटेने परता. पुढे मात्र छोटी डबकी, गवत आणि सबंध वेळ समोर तळं. आम्हाला रविवारी गेलो होतो तो अख्खा काठ वरून दिसला.

आता मुरकुटांबद्दल. इथे त्यांना मिजेस म्हणतात. एकेकटं मिरपुडीच्या कणाएवढं, पण एकेकटं कधी येत नाही. वारा असेल किंवा तुम्ही चालत असाल तोवर त्रास नाही. संध्याकाळी धक्क्यावर फोटोसाठी दोन मिनिटं थांबलो तर भुवयांत, कानांत, चष्म्याच्या आत. घरून नेलेल्या मलमाला त्यांनी भीक घातली नाही. तिथल्याच दुकानात डोक्यावरून घ्यायची जाळी मिळते, ती बिनदिक्कत घ्या, सगळेच मधमाश्या पाळणाऱ्यांसारखे दिसत असतात. मे महिन्यात गेलात तर ही पीडा बरीच कमी, शिवाय इंचकॅलीख बेटावर ब्लूबेलची निळी फुलं. ऑगस्टमध्ये हेदर हे डोंगरी झुडूप फुलतं, पण मुरकुटंही असतात.

तंबू ठोकायचा विचार असेल तर एक लक्षात ठेवा. स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानात हिंडायचा, राहायचा हक्क कायद्याने आहे, पण लोमंडच्या बऱ्याच काठावर १ मार्च ते ३० सप्टेंबर आधी परवाना काढावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो.

आणि गोचीड. नेच्यांतून, उंच गवतातून चालल्यावर रोज रात्री अंग तपासायचं: गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याखाली. चावल्या जागी पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ उमटलं तर थेट डॉक्टर, कारण त्यातून लाइम रोग होऊ शकतो. गोचीड काढायचं छोटं कार्ड किंवा आकडा औषधाच्या दुकानात मिळतो. मी तो पहिल्याच दिवशी घेतला होता आणि नवऱ्याने त्यावरून माझी चेष्टा चालवली होती, गुरांना असतात त्या आपल्याला कशा लागतील म्हणून. मंगळवारी रात्री ग्लासगोला लेकीच्या खोलीवर तो पोटरी खाजवत बसला होता. लेकीने टेबलावरचा दिवा जवळ ओढला, गुडघ्यामागे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, हलू नका. आई, तो आकडा आण."