फुली मारलेली जागा

"सर, दिवसाला एक तास मिळतो. त्यात बोटांचे व्यायाम किती आणि गाणी किती?" भुसावळला माझ्याकडे गिटार शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतं. वीस-चाळीस असं काहीतरी ऐकायची तयारी असते. मी आधी माझी फजिती सांगतो.

पहिलं वर्षभर मी नुसता क्रोमॅटिक घोटला, म्हणजे प्रत्येक तारेवर लागोपाठच्या चार घरांवर चार बोटं ओळीने टेकवायचा व्यायाम. एक-दोन-तीन-चार, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत आणि परत. ठोके देणारा मेट्रोनोम मिनिटाला ६० वरून १२० वर नेला. मे महिन्यात पारा ४५ वर, लाइट गेलेली, बनियन अंगाला चिकटलेलं, तरी बोटं चालूच. मग मामेभावाच्या हळदीला मावशी म्हणाली, "भाऊ, एखादं गानं वाजाड ना!" मांडवातली पोरं गोळा झाली आणि मला एकही गाणं शेवटपर्यंत येत नव्हतं. एक-दोन-तीन-चार कोणाला ऐकवणार? दोन मिनिटांत डीजे सुरू झाला.

त्या रागात पुढचं वर्ष फक्त गाणी. एफ हा अवघड कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) आला की कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, नाहीतर गाणंच बदलायचं. सगळी गाणी जी, सी, डी आणि ई मायनर या सोप्या कॉर्डवर, तीही मुखड्यापुरती.

आता मी शिकणाऱ्याला आधी गाणं निवडायला लावतो. ते अडखळत वाजवायचं आणि हात थबकेल तिथे कागदावर पेन्सिलीने फुली मारायची. त्या आठवड्याचा व्यायाम तेवढाच. गेल्या महिन्यात एका मुलाची फुली सीवरून एफवर जाताना पडली. दर वेळी सगळी बोटं उचलून तो नव्याने मांडणी करायचा. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेल्या घरात) असते, बार कॉर्डच्या, म्हणजे तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबायच्या, एफमध्येही तिथेच. मग ती उचलायची कशाला? ती रोवून ठेवून बाकीची बोटं फिरवायला लावली. बारसाठी पाचव्या फ्रेटपासून सुरुवात केली, कारण पहिल्या फ्रेटला नट (तारा टेकतात ती गळ्याच्या टोकाची पट्टी) जवळ असल्याने तार दाबायला जास्त जोर लागतो. दर दोन-तीन दिवसांनी एकेक फ्रेट खाली. मोबाइलवर एक मिनिट लावून बदल मोजले: पहिल्या दिवशी ९, पंधरा दिवसांनी २६. आणि हो, पोराच्या गिटारच्या तारा गळ्यापासून इतक्या उंच होत्या की आधी त्या खाली करून आणाव्या लागल्या. हे कोणी बघतच नाही, बोटांनाच दोष देतात.

शेवटची दहा मिनिटं मात्र गाणं सलग. चुकलं तरी थांबायचं नाही, ताल सोडायचा नाही. इथे फुल्या मारायला बंदी.

आकडाच हवा असेल, तर नवं गाणं घेतलं की अर्ध्याहून जास्त वेळ फुल्यांवर जातो, बसत आलं की आपोआप उलटं होतं. क्रोमॅटिक मी अजून करतो. पाच मिनिटं, डिसेंबरच्या सकाळी बोटं आखडलेली असतात तेव्हा.