लाकडाखालचा मासा

माशांची टाकी घ्यायची ती बघण्यासाठी. रंगीत मासे, हिरवी पानं, वर दिवा. सगळा मामला नजरेचा. अशा टाकीत कोणी जाणूनबुजून राफाएल कॅटफिश का सोडावा? काळ्या अंगावर पांढुरके पट्टे, दोन्ही कुशींना काटेरी कवचाची रांग, तोंडाशी मिशा. असा हा देखणा गडी आणल्या दिवशी एकदाचा दिसतो आणि मग लाकडाखाली जातो तो जातोच. येणारे-जाणारे लाकूड बघून जातात. मला विचाराल तर तो पाळावा तो याचसाठी. डोळ्यांसमोर नसलेल्या जिवाची काळजी घेण्यात एक वेगळीच गंमत आहे.

दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत हा राहतो. बुडालेल्या ओंडक्यांच्या खोबणीत दिवस काढायचा आणि अंधार पडला की तळ धुंडाळायचा, हा त्याचा शिरस्ता. गढूळ पाणी, त्यात रात्र; डोळ्यांवर विसंबून भागत नाही, म्हणून कामाला मिशा. त्यांच्यावर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. कॅटफिशच्या काही जातींत तर त्या अंगभर पसरलेल्या असतात. म्हणजे हा मासा अन्न शोधत फिरतो तेव्हा खरं तर तळ चाखत फिरतो. त्या तळाला धारदार खडी घातली तर मिशा झिजतात. बारीक, गुळगुळीत वाळू बरी.

खरी मेख जेवणात आहे. 'तळातले मासे उरलंसुरलं खातात, त्यांना वेगळं काही लागत नाही,' असं सर्रास सांगितलं जातं. काही जण तर पुढे जाऊन तो विष्ठा खाऊन टाकी साफ ठेवतो म्हणतात. यात काडीचंही तथ्य नाही. वरच्या थरात पोहणारे बार्बसारखे चपळ मासे अन्न पाण्यावर पडताक्षणी फडशा पाडतात, खाली येतं ते नुसतं पाणी. उष्ट्याच्या भरवशावर ठेवलेला कॅटफिश हळूहळू खंगतो, आणि तो दिसतच नसल्यामुळे त्याचं खंगणंही कोणाला दिसत नाही.

तेव्हा वेळापत्रक आपणच बदलायचं. दिवा मालवायचा, खोलीतलाही. वरची मंडळी सुस्तावली की त्याच्या दाराशी खाद्याची बुडणारी गोळी सोडायची. कधी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे बारीक लाल अळ्या. सकाळी उरलेलं दिसलं तर नळीने ओढून घ्यायचं, नाहीतर ते कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. गोळी नाहीशी झाली म्हणून त्यानेच खाल्ली असंही नाही, कारण टाकीतल्या गोगलगायीही रात्रपाळीच्याच. मात्र राफाएल या गोगलगायीही खातो. वाळूत रिकामे शंख वाढू लागले की मी निर्धास्त होतो. गोळीपेक्षा ती साक्ष पक्की.

घर कसं असावं, याबद्दल त्याची मतं ठाम आहेत. आपण हौसेने ऐसपैस गुहा रचावी आणि त्याने फिल्टरमागच्या फटीत जाऊन बसावं. त्याला अंग दोन्हीकडे टेकेल अशी अडचण हवी असते. तिथे शिरून तो छातीच्या परांचे काटे ताठ करतो आणि ते तसेच अडकवून ठेवतो. मग त्याला ओढून काढणं कोणाच्या बापाला जमत नाही. प्लास्टिकच्या नळाचे तुकडे, आडवी कुंडी, लाकडाचा पोकळ बुंधा, काहीही चालतं. फक्त भोक इतकं बारीक नको की वाढत्या वयात तो आतच रुतून बसेल. हा चांगला वीतभर होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो.

आता एक उलटी गोष्ट. दिसावा म्हणून लपायच्या जागा कमी केल्या तर तो आणखी दडून बसतो. जागा वाढवल्या, माशांपेक्षा बिळं जास्त केली, की तो धीट होतो. पळून जायला जवळच भोक आहे याची खात्री असली, तर संध्याकाळच्या मंद उजेडातही मिशा बाहेर येतात. मंद लाल दिवा लावून रात्री बसलं तर अख्खा मासा दिसतो. लाल उजेड त्याला फारसा खटकत नाही.

पकडायची वेळ आली तर जाळी नको. काटे जाळीत असे गुंततात की शेवटी कात्री घेऊन जाळीच कापावी लागते. प्लास्टिकचा डबा घ्यावा. डब्यातून वर काढला की महाशय चक्क कुरकुरतात! छातीचा काटा खोबणीत घासून एक आवाज, पोटातली हवेची पिशवी थरथरवून दुसरा, घुमणारा. इतका वेळ तोंड न दाखवणाऱ्याची तक्रार मात्र खोलीभर ऐकू येते. डबा पुन्हा पाण्यात बुडवला की तो वाळू उडवत पहिलं सापडेल त्या भोकात घुसतो. ते भोक बहुधा नेमकं फिल्टरमागचंच निघतं, आणि आपण नळाचा आणखी एक तुकडा कापायला बसतो.